चालेल काहीही, पण ठरलेलं मोडू नका

झी मराठीवर 2007 ते 2009 या काळात ‘असंभव’ लागायची. लेखन चिन्मय मांडलेकरांचं, दिग्दर्शन सतीश राजवाडेंचं आणि विषय पुनर्जन्माचा. त्याच वाहिनीवर ऑगस्ट 2018 मध्ये ‘तुला पाहते रे’ सुरू झाली. तिच्यातही पुढे पुनर्जन्म आला. सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे ज्या राजनंदिनीच्या मृत्यूला कारण ठरला होता, तीच गायत्री दातारची ईशा होऊन परतली होती. पहिल्या मालिकेबद्दल लोक आजही भरभरून बोलतात. दुसरीचा विषय निघाला की सुरुवातीच्या महिन्यांचं कौतुक होतं आणि मग ‘नंतर काहीतरीच केलं’ म्हणून बोलणं संपतं. चमत्कार एकच, वाहिनी एकच, प्रेक्षकही बऱ्याच अंशी तोच. मग फरक कशाने पडला?

‘असंभव’ने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की या घरात मागच्या जन्माचा हिशेब पुरा व्हायचा आहे. ज्याला ते पटणार नव्हतं त्याने पाहिली नाही. ज्याने पाहिली त्याने ते मान्य करूनच पाहिली. ‘तुला पाहते रे’ने प्रेक्षकापुढे वेगळाच प्रश्न ठेवला होता. मध्यमवर्गीय घरातली विशीतली मुलगी आणि चाळिशी ओलांडलेला उद्योगपती यांचं लग्न टिकेल का, आईबापांनी त्याला हो म्हणावं का? घराघरांत त्यावर खरेखुरे वाद झाले. मग नायकच खलनायक निघाला, नायिकेला मागचा जन्म आठवला आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. प्रेक्षक नाराज झाला तो पुनर्जन्मावर नाही. आपण ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी रोज रात्री थांबलो, तोच गुंडाळून ठेवला, यावर तो नाराज झाला.

मालिकांविषयी लोक जे बोलतात ते मी बरीच वर्षं कान देऊन ऐकते आहे, आणि त्या सगळ्या बोलण्यात मला हे एकच सूत्र दिसतं. आपल्या प्रेक्षकाला अशक्य गोष्ट चालते. भूत चालतं, देव चालतो, गिरक्या घेत उडणारा माणूस चालतो. मालिकेने स्वतःच घातलेली अट तिनेच मोडलेली मात्र चालत नाही. ‘डोकं बाजूला ठेवून बघणारे’ अशी मालिकांच्या प्रेक्षकांची जी हेटाळणी होते ती म्हणूनच मला अन्यायाची वाटते. डोकं बाजूला ठेवलेल्या माणसाला इतक्या बारीक विसंगती सापडत नाहीत.

मालिकांवरचं असं बोलणं ऐकायला नवी मुंबईइतकं चांगलं ठिकाण नाही. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे हे शहर आखलं गेलं. इथे मूळचे आगरी-कोळी सोडले तर जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला. कोपरखैरणे-घणसोलीत वाशीच्या बाजार समितीत काम करणारे माथाडी, त्यांतले पुष्कळसे सातारा-सांगलीकडचे. कोकणातली माणसं तर प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात. खारघर-कामोठ्यात विदर्भ-मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेली तरुण जोडपी. त्यामुळे कुठलीही मालिका कुठल्याही गावात घडू दे, इथे तिला त्या गावचा माणूस भेटतोच, आणि तो तपासून बघतो.

‘देवमाणूस’चंच बघा. 2016 मध्ये वाई परिसरात उघडकीला आलेल्या खुनांवर ती बेतलेली होती. 2020-21 मध्ये ती चालू असताना कोपरखैरण्यातल्या एका माथाडी कुटुंबात मी काही भाग पाहिले. घर लहान, टीव्ही भिंतीवर उंच लावलेला, आणि जेवणं उरकून सगळे खाली सतरंजीवर. किरण गायकवाडचा खोटा डॉक्टर एकेकीला जाळ्यात ओढत होता, आणि घरचे गृहस्थ भाग संपेपर्यंत एकच विचारत राहिले, “गावात पोलिस पाटील नाही होय? बाई नाहीशी झाली तर दुसऱ्या दिवशी पारावर बोभाटा होतो.” त्यांची पत्नी मात्र सरू आजीवर खूश. म्हणी, शिव्या आणि सगळ्यांवर नजर. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अश्शाच, असं तिचं म्हणणं. एकाच भागात तिला गाव खरं वाटलं आणि त्याला खोटं. दोघांनीही मालिका तपासली ती एकाच कसोटीवर: आमच्या गावात असं होईल का?

कोकणच्या बाबतीत हीच कसोटी जास्त कडक लागली. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 मध्ये सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात चित्रित होऊ लागली, तेव्हा ती अंधश्रद्धा पसरवते, कोकणची बदनामी करते असे आक्षेप घेतले गेले. आक्षेपात तथ्य होतं. पण त्याच कोकणातल्या माणसांनी मालिकेतली मालवणी उचलून धरली, प्रल्हाद कुडतरकरांचा विसराळू पांडू डोक्यावर घेतला, आणि आकेरीतला तो वाडा बघायला गाड्या करून लोक जाऊ लागले. 2019 च्या दुसऱ्या पर्वात लेखकांनी एक धाडसी निवड केली. पहिल्या पर्वाच्या आरंभीच मेलेल्या अण्णा नाईकांची आधीची गोष्ट सांगायला घेतली. शेवट माहीत असलेली गोष्ट कोण बघेल, ही शंका साफ खोटी ठरली. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता ही दोन पात्रं त्या पर्वाने लोकांच्या बोलण्यात रुजवली. पुढे काय होणार यापेक्षा ते कसं होणार यात लोकांना जास्त गोडी असते, याचा इतका ठोस पुरावा मराठी टीव्हीवर दुसरा नसेल. (करावे-दिवाळ्याकडच्या माझ्या मैत्रिणींची एक जुनी तक्रारही इथेच नोंदवते: आमची आगरी बोली मालिकेत येते ती हसवण्यापुरती. मालवणीला अण्णा आणि शेवंता मिळाले, आम्हाला कधी?)

सगळ्यात जास्त मतं ऐकायला मिळतात ती नवऱ्याने फसवलेल्या बाईविषयी, आणि इथे थोडं थांबायला हवं. 1999 मध्ये अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा शिकलेली, नोकरी करणारी. तिच्या नवऱ्याचं दुसरीकडे नातं. मालिकेने हा विषय तावातावाने नाही, घरातल्या रोजच्या वागण्यातून मांडला. 2016 मध्ये ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आली. अनिता दातेची राधिका नागपूरकडची, वऱ्हाडी बोलणारी, आणि नवरा गुरुनाथ ऑफिसातल्या शनायाच्या नादी लागलेला. आणि डिसेंबर 2019 मध्ये स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते’, जिची अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर जागी होते.

राधिकाच्या गोष्टीत बायकांना पहिली दोन वर्षं जे भावलं ते तिचं हळूहळू उभं राहणं. डबे, मसाले, बिल्डिंगमधल्या मैत्रिणी. नेरूळ-सानपाड्यात घरून पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांना यातला एकेक टप्पा ओळखीचा होता. मग राधिका बघता बघता तीनशे कोटींच्या कंपनीची मालकीण झाली. हा आकडा महाराष्ट्रभर चेष्टेचा विषय झाला, आणि त्या चेष्टेत दुखावलेपण होतं. घरी डबे करणारी एक बाई मला म्हणाली, “आम्हाला गॅस परवडतो का नाही ते दाखवत होते तोवर ती आमची होती.” समीक्षकाने तीन पानांत लिहिलं असतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. नायिकेला एकदम जिंकवलं की तिच्या आधीच्या कष्टांची किंमत जाते.

अरुंधतीच्या बाबतीत मतभेद वेगळे होते. मूळ गोष्ट लीना गंगोपाध्याय यांच्या ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेची. तिचीच मराठी ‘आई कुठे काय करते’ आणि हिंदी ‘अनुपमा’. मधुराणी प्रभुलकरांनी अरुंधतीला जी सौम्यता दिली ती कुणाला बळ वाटली, कुणाला नेभळटपणा. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात प्रयोग संपल्यावर मालिकेतल्या कलाकारांना भेटायला लोक थांबतात. तिथे ‘किती सहन करायचं हो’ असं मालिकेतल्या सुनेला कळवळून विचारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. अरुंधतीचा घटस्फोट लोकांनी स्वीकारला, आशुतोषशी दुसरं लग्नही स्वीकारलं, आणि ही लहान गोष्ट नव्हे. त्याआधी ‘अग्गंबाई सासूबाई’त निवेदिता सराफांच्या आसावरीने मुलाच्या लग्नानंतर स्वतःचं लग्न केलं होतं, त्याने वाट थोडी मोकळी झालीच होती. पण पुढे आशुतोषला मारलं तेव्हा प्रेक्षक खरोखर संतापला. ज्या मालिकेने बाईला दुसऱ्यांदा सुखी होण्याचा हक्क आहे असं सांगितलं, तिनेच ते सुख अपघातासारखं काढून घेतलं. 2024 मध्ये मालिका संध्याकाळवरून दुपारी सरकली आणि नोव्हेंबरमध्ये संपली. आशुतोषच्या जाण्याने मालिकेचा जीव गेला असं मानणारे आजही भेटतात, आणि मी त्यांच्या बाजूची आहे.

मग लेखक असं का करतात? त्यांना कळत नाही म्हणून नव्हे. रोजचा भाग जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटांचा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर वर्षाला सुमारे तीनशे भाग, म्हणजे 110 तास. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे आठही सीझन मिळून 73 भाग आणि जेमतेम सत्तर तास होतात. आपली मालिका एका वर्षातच त्याच्या पुढे जाते, आणि ती चालली तर चार-पाच वर्षं चालते. ‘चार दिवस सासूचे’ ईटीव्ही मराठीवर 2001 पासून अकरा वर्षांहून अधिक चालली, तीन हजारांवर भाग झाले. इतका पल्ला गाठताना हाताशी पुढच्या काही दिवसांचेच भाग तयार असतात. 2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि मालिकांनी गोवा, दमण, सिल्व्हासा गाठलं, तेव्हा कितीतरी मालिकांतली कुटुंबं एकाच आठवड्यात घर सोडून बाहेरगावी निघाली. कथेला कारण नव्हतं, पण प्रेक्षकाने ते समजून घेतलं. परिस्थितीमुळे मोडलेली अट लोक माफ करतात, हेही तेव्हा दिसलं.

दुसरं कारण दर गुरुवारी येतं. बार्क ही संस्था देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक घरांत मीटर लावून कोण काय पाहतं ते मोजते, आणि त्यावरून टीआरपी ठरतो. आकडा घसरला की वाहिनीकडून निरोप येतो: ट्रॅक बदला, लग्न आणा, लीप घेऊन काही वर्षं पुढे जा. पण मीटर मोजतो ते कोणी काय किती वेळ पाहिलं एवढंच. पाहणारा आनंदाने बसला होता की चिडून, याची त्यात नोंद नाही. ‘किती ताणतात’ म्हणत रोज पाहणारी आजी त्या आकड्यात समाधानी प्रेक्षक म्हणूनच धरली जाते. आणि पनवेल लोकलच्या महिला डब्यात मोबाइलवर कालचा भाग बघत जी चिरफाड चालते, ती तर त्या गणतीत कुठेच नाही. मोठ्याने बोलणारा प्रेक्षक आणि मोजला जाणारा प्रेक्षक हे दोन वेगळे आहेत; मालिका लिहिली जाते ती दुसऱ्यासाठी. माझ्या मते बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

ताणण्याच्या तक्रारीतही लोक नेमके असतात. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं गरोदरपण लांबलं तेव्हा मोबाइलवर विनोदांचा पूर आला. लोकांना कथा सावकाश जाण्याचं वावडं नव्हतं. सणवार, पाडवा, गणपती सगळं खऱ्या दिनदर्शिकेनुसार होत असताना नऊ महिने मात्र संपत नव्हते, हे त्यांना खटकलं. ‘रंग माझा वेगळा’त कार्तिक स्वतः डॉक्टर. मुली आपल्या की नाहीत याचा संशय त्याला वर्षानुवर्षं छळतो, पण तेवढ्या काळात एक डीएनए चाचणी काही तो करत नाही. गावाकडचा शेतकरी असता तर लोक थांबले असते. डॉक्टर केलात ना, मग डॉक्टरसारखं वागवा, असं त्यांचं म्हणणं. उलट ‘ठरलं तर मग’मध्ये नायिका सायली हीच हरवलेली खरी तन्वी हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून माहीत आणि घरच्यांना नाही, तरी ती वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकाच्या आसपास राहिली. कारण ते गुपित लपवायला खोटी तन्वी सतत काही ना काही करत असते. ते आपोआप टिकून राहत नाही. लांबण सुसह्य होते ती अशी.

पात्र मारणं, परत आणणं, नट बदलणं, याबाबत लोकांचा अधिकार किती? 1988 मध्ये अमेरिकेत डीसी कॉमिक्सने बॅटमनचा साथी रॉबिन जगावा की मरावा हे वाचकांनाच फोन करून ठरवायला सांगितलं. 5,343 जणांनी मरू दे म्हटलं, 5,271 जणांनी जगू दे. अवघ्या 72 फोननी जेसन टॉड मेला, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी परतही आला. आपल्याकडे ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’तला मिहिर मेला तेव्हा देशभर हळहळ उठली आणि त्याला जिवंत करावं लागलं. मला स्वतःला प्रेक्षकाच्या हाती इतकं देणं पटत नाही. ज्याला आपण ओरडून परत आणू शकतो त्याच्या मरणाचं दुःख होत नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये नायक राणादा गेला आणि तसाच दिसणारा राजा राजगोंडा आला, तेव्हा कोल्हापूरच्या मातीवर जीव टाकणारे प्रेक्षकही अवघडले होते.

नट बदलला तर लोक थोडे दिवस कुरकुरतात आणि सरावतात, असं वाहिन्या धरून चालतात. शनायाच्या भूमिकेत रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आली आणि पुढे रसिका परतली, ते लोकांनी चालवून घेतलं. पण ‘रात्रीस खेळ चाले’च्या तिसऱ्या पर्वात शेवंताची अभिनेत्री बदलली ते अनेकांना पचलं नाही, आणि ‘अग्गंबाई सासूबाई’ची गोष्ट पुढे नेणाऱ्या ‘अग्गंबाई सूनबाई’त आसावरीची सून शुभ्रा आणि मुलगा सोहम दोघंही एकदम नवे आल्यावर आधीच्या घराशी नातंच तुटलं, ती मालिका काही महिन्यांतच आटोपली. शनाया ही एक तऱ्हा होती, शेवंता एक व्यक्ती. मार्व्हलने 2020 मध्ये नट चॅडविक बोसमन गेल्यावर त्याने साकारलेल्या टचाला या महानायकाच्या भूमिकेत दुसरा नट न घेता 2022 च्या चित्रपटात त्या पात्राचाच शोक मांडला, आणि तिथेही चाहत्यांत आजवर दोन तट आहेत.

सुपरहिरोंच्या बाबतीत आपली मुलं-नातवंडं परक्या गोष्टींवर पोसली गेली असं म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. 1997 मध्ये दूरदर्शनवर मुकेश खन्नांचा ‘शक्तिमान’ आला तेव्हा वाशी-नेरूळच्या सिडको वसाहतींत दुपारी मैदानं ओस पडत. त्याची अट साधी होती: शक्ती योगसाधनेतून आलेली, म्हणून नायक चुकीचं वागणार नाही, आणि भागाच्या शेवटी मुलांना चार शब्द सांगणार. मुलं त्याची नक्कल करताना जखमी होतात अशा बातम्या उठल्यावर खन्नांनी पडद्यावरून मुलांना समज दिली, तीही त्या अटीत बसणारीच होती. गीता विश्वासच्या भूमिकेत किटू गिडवानींच्या जागी वैष्णवी महंत आल्या, मुलांनी हूं की चूं केलं नाही. 2014 मध्ये महेश कोठारेंच्या ‘जय मल्हार’ने तर आपला स्वतःचा महानायक उभा केला. देवदत्त नागेंचा खंडोबा बघून लोक हात जोडत, पण गंमत अशी की घराघरांत चर्चा चाले ती म्हाळसा आणि बानूची बाजू घेऊन. जागरणात वाघ्या-मुरळी हेच भांडण शतकानुशतकं रंगवत आले आहेत. देवाचं दुसरं लग्न योग्य की अयोग्य, हा कथेतल्या निवडीवरचा प्रश्न आपल्या श्रोत्याने टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी विचारलेला आहे.

आजची मुलं तोच प्रश्न मार्व्हलच्या ‘लोकी’ला, ‘वांडाव्हिजन’ला विचारतात. ‘मिस मार्व्हल’ 2022 मध्ये आली तेव्हा माझ्या सोसायटीतल्या कॉलेजच्या मुलांना फाळणीचा भाग मनापासून आवडला, आणि फरहान अख्तरला आणून इतक्या लवकर मारलं याचा राग आला. तिची नायिका कमला खानची शक्ती कॉमिकमध्ये अंग लांबवण्याची होती, मालिकेत ती प्रकाशाची झाली; यावर ती मुलं तासभर भांडली. एका मुलीचा मुद्दा होता की अंग वेडंवाकडं होणं ही वयात येणाऱ्या मुलीची लाज होती, चकचकीत प्रकाशाने ती गोष्टच गेली. राधिकाच्या तीनशे कोटींवर डबेवाल्या बाईने घेतलेला आक्षेप आणि हा, यांत मला अंतर दिसत नाही. फरक आहे तो उलट्या बाजूचा: 2019 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवट घाईत उरकला म्हणून जगभर पंधरा लाखांवर लोकांनी पुनर्निर्मितीच्या अर्जावर सह्या केल्या. तिकडे घाईची तक्रार, आपल्याकडे ताणल्याची.

इतिहासाची गोष्ट निराळी, कारण तिथे शेवट लेखकाच्या हातात नसतो. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सप्टेंबर 2017 पासून चालली, लेखन प्रताप गंगावणे यांचं, महाराजांच्या भूमिकेत डॉ. अमोल कोल्हे. फेब्रुवारी 2020 मध्ये ती संपताना महाराजांचे हाल किती दाखवावेत यावर घरोघरी दोन मतं होती. मालिकेने हात आखडता घेतला. राजकीय दबावाच्या अफवा उठल्या, कोल्ह्यांनी त्या फेटाळल्या. पाच वर्षांनी लक्ष्मण उतेकरांच्या ‘छावा’ने तेच हाल विस्ताराने दाखवले आणि चित्रपटगृहांत लोक रडले, त्याच चित्रपटातलं लेझीमचं दृश्य मात्र आक्षेपांमुळे प्रदर्शनापूर्वी काढावं लागलं. मला मालिकेचा संयम अधिक योग्य वाटतो. जेवणाच्या वेळी, लहान मुलांसमोर रोज घरात येणाऱ्या गोष्टीने सांगण्याची मर्यादा पाळावी. पण ज्यांना तो संयम बलिदान झाकल्यासारखा वाटला, त्यांचंही मी खोटं म्हणणार नाही.

एवढं सगळं ऐकल्यावर माझी वाहिन्यांकडे एक साधी मागणी आहे. मालिका सुरू होतानाच ती किती भागांची ते जाहीर करा. 2012 ची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ काही महिन्यांत संपली, आणि तिच्यातल्या घना-राधाचं नाव आजही आदराने निघतं. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मंजुरी मिळायची आणि लेखक त्या तेरांत गोष्ट बसवायचे. आता तीनशे म्हणा, सहाशे म्हणा, पण आकडा सांगा. टीआरपी चढला तर त्याच लेखकांना नवी गोष्ट द्या, जुन्या गोष्टीतल्या माणसांना मारून किंवा उठवून वेळ काढू नका. जाहिरातदारांना वेळ सेकंदांत मोजून विकला जातो. भागांचा हिशेब पाहणाऱ्यांनाही कळायला काही अडचण नसावी.